पदराला लागलेली पाकळी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. ज्यांना नक्की माहीत होतं ते सांगायला उरले नाहीत, आणि जे उरले त्यांनीही ती माझ्यासारखी कुणाकडून तरी ऐकलेली. तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्या माणसांनो, जरा सरकून बसा.

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं राज्य होतं. राज्य म्हणजे तरी काय, पाच-सहा गावं, एक नदी, एक बेताचा राजवाडा आणि वर डोंगरमाथ्यावर पसरलेला काळ्या कातळाचा सडा. वर्षातले कितीतरी महिने त्या उघड्या खडकावर गवताची काडी दिसायची नाही. पण पावसाळा उतरणीला लागला की खडकाच्या फटींतून एक इवलंसं फूल वर यायचं. निळंजांभळं, तीन पाकळ्यांचं, मधे मऊ निळी लव आणि तिच्यात पिवळे ठिपके. लोक त्याला नभाळी म्हणायचे. सकाळच्या उन्हात ते उमलायचं आणि दुपार कलली की मिटून जायचं.

या राज्याची पहिली राणी दुष्काळातून वाट काढत आपल्या माणसांना घेऊन इथं आली, तेव्हा तिनं हे फूल पाहिलं. बायका उंबऱ्यावर आणि भिंतींवर चित्रं काढायला वापरत ते रंगीत खडू तिच्या बोचक्यात होते. ती खडकावर बसली आणि एका जाड, राखी कागदावर तिनं ते फूल काढलं. मग दमलेल्या माणसांना दाखवून म्हणाली, "एवढ्याशा मातीत हे राहू शकतं, तर आपणही राहू." माणसं राहिली आणि त्यांचं राज्य झालं.

राणी गेली, चित्र उरलं. ते शिसवी पेटीत ठेवलं गेलं आणि त्याला राणीचं फूल असं नाव पडलं. पुढे जे पुष्कळ जुन्या वस्तूंचं होतं तेच त्याचंही झालं. आधी लोकांनी त्याच्यावर माया केली, मग ते त्याला नमस्कार करू लागले, आणि शेवटी त्याला भिऊ लागले. मधल्या कुठल्याशा राजाच्या काळी कुणीतरी म्हणालं, की या चित्राचा रंग जाईल त्या दिवशी राज्य बुडेल. कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, हे कुणी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, असं माणसांना उगाचच वाटत असतं.

मग नियम झाले. उंबऱ्यावर खडूनं मोर काढा, कोयऱ्या काढा, काय हवं ते काढा, पण नभाळीचं फूल काढायचं नाही, कारण ते राणीचं. पेटी फक्त राखणदारानं उघडायची. आणि ज्याच्या हातून चित्र बिघडेल त्याला एकट्याला नदीपलीकडे सोडायचं. त्याची मुलंबाळं आणि घरदार अलीकडेच राहील.

आता खडूचा रंग कसा असतो ते तुम्ही बोटांनी पाहिलेलंच आहे. तो कागदात मुरत नाही, वर नुसता बसून राहतो. बोट लागलं की फासतो, धक्का बसला की झडतो. अशा या नाजूक वस्तूवर त्या लोकांनी आपलं अख्खं राज्य टेकवून ठेवलं होतं, आणि झोप लागत नाही म्हणून वैद्याकडे औषध मागायला जात होते.

गोष्टीच्या काळी राणीच्या फुलाची राखणदार होती हौसा. तिचा नवरा लवकर वारला होता. घरात ती आणि तिची लहानगी लेक ठकू, दोघीच. ठकूला आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोप येत नसे, आणि कुणी तिला त्यावरून चिडवलं तरी ती पदर काही सोडत नसे.

हौसाच्या आधी ही राखण धोंडूतात्यांकडे होती, आणि तात्यांच्या आधी गिरजाआजींकडे. दोघंही म्हातारी माणसं गावातच होती. तात्यांनी पेटीची किल्ली हौसाच्या हातात दिली तेव्हा ते असे काही हलके झाले, की तिला नवल वाटलं होतं. एवढा मानाचा अधिकार सोडताना माणूस जरा तरी हळहळेल की नाही? तात्यांनी त्या दिवशी चवीनं दोन वाट्या खीर खाल्ली.

काम तसं थोडंच होतं. पेटी दमट होऊ द्यायची नाही, तिच्यातला कडुनिंबाचा पाला बदलायचा, पिसानं बाहेरची धूळ काढायची. भाद्रपदात सड्यावर नभाळी फुलली की पेटी पालखीत घालून गावातून मिरवत दरबारात आणायची आणि चित्र दर्शनाला ठेवायचं. बस्स, एवढंच.

त्या वर्षी पावसानं भिंतींनाही ओल आली. उत्सव तोंडावर आला म्हणून हौसानं पेटी उघडली, तर चित्रातल्या एका पाकळीवर बुरशीचा पांढरा पुंजका. इथं हौसानं तेच केलं, जे तिनं ठकूच्या गालावरचं पिठलं पुसताना आणि देवाच्या मूर्तीसमोरचं सांडलेलं कुंकू टिपताना असंख्य वेळा केलं होतं. विचार न करता पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुसलं.

बुरशी गेली. पाकळीही गेली.

पदरावर निळा डाग होता आणि कागदावर पाकळीच्या जागी नुसता राखी कागद. आता राज्य बुडणार, म्हणून ती धावत खिडकीशी गेली. खाली गाई रानाकडे निघाल्या होत्या. विहिरीवर दोन बायका दोरीवरून भांडत होत्या. राज्य काही बुडत नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाला डोळ्यांसमोरचं दिसत नाही, म्हणून तिला ते कळलं नाही. तिला फक्त नदी दिसली, आणि नदीच्या अलीकडे उभी असलेली, पदर शोधणारी ठकू दिसली.

सांगून टाकावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. ते आलं, दाराशी थांबलं आणि परत गेलं. तिनं निळं टोक आत दुमडून कमरेला खोचलं आणि ठरवलं, की पाकळी आपणच पुन्हा काढायची.

पाकळी काढायची तर निळा खडू हवा. रंगाऱ्याकडून तिनं चिमूटभर नीळ आणली, ठकूचा परकर रंगवायचा आहे असं सांगून. ठकूला परकराचं कळलं आणि ती दिवसभर परकर परकर करत मागे लागली, ते वेगळंच. पांढरी माती वस्त्रगाळ करून त्यात नीळ मिसळली, डिंकाच्या पाण्यात मळली, बोटाएवढ्या कांड्या वळून सावलीत वाळवल्या. पहिल्या खेपेला डिंक जास्त झाला. कांडी दगडासारखी झाली, रंग सोडीना, नुसती ओरखडे काढी. दुसऱ्या खेपेला डिंक इतका कमी पडला की हातात घेताच भुगा. मग हळूहळू प्रमाण जमलं.

रानभाजी आणते असं सांगून ती सकाळी सड्यावर जाऊ लागली. तिथं कुणी येत नसे. राणीच्या फुलाला भिणाऱ्या लोकांनी खरं फूल बघायला जाणंही कधीच सोडून दिलं होतं.

पहिल्या दिवशी तिनं खडकावर पाकळी काढली ती पेटीतलं चित्र आठवून. ती काही केल्या पाकळी वाटेना, निळ्या कापडाचं ठिगळ वाटे. तेव्हा हौसा पोटावर आडवी झाली आणि नभाळीच्या तोंडाशी तोंड नेऊन बघू लागली. इतकी वर्षं चित्र राखलं, पण फूल कधी नीट पाहिलंच नव्हतं. पाकळी एका निळ्या रंगाची नव्हतीच. उन्हाकडे ती जांभळी होती, कडेला गडद, आणि देठाजवळ जवळजवळ पांढरी. मग तिला कळलं, की आधी गडद रंग द्यायचा, त्यावर फिका, आणि करंगळीच्या पोटानं अगदी हलकं एकदा दाबायचं. दुसऱ्यांदा चोळलं की सगळा चिखल होतो. खडूच्या कामात सगळ्यात अवघड काही असेल तर ते हात वेळेवर थांबवणं.

अशीच एकदा सर आली, म्हणून ती जवळच्या कपारीत शिरली. वरचा कातळ छपरासारखा पुढे आलेला, आत कोरडं ठक्क. अंगावरचं पाणी निपटता निपटता तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

भिंतीवर फुलं होती. निळ्या खडूनं काढलेली नभाळीची फुलं. काही वाकडीतिकडी, काही चांगली जमलेली, काही अर्ध्यावर सोडून दिलेली. कुठे नुसत्याच पाकळ्या, कुठे नुसताच देठ. पुसलेल्याच्या वर पुन्हा काढलेलं.

हौसा बघत राहिली. या राज्यात नभाळी काढणारी एकच बाई होऊन गेली होती. म्हणजे राणीनं इथं बसून हात बसवला असणार, असं तिला वाटलं. राणीचंसुद्धा पहिल्या फटक्यात जमलं नव्हतं तर. तिला एकदम इतकं बरं वाटलं, की ती त्या कपारीत बसून थोडी रडली, आणि मग डोळे पुसून त्या फुलांच्या शेजारी आपलंही एक काढायला लागली. तेही वाकडंच आलं. दुसरं जरा बरं आलं. असं करत करत एक दिवस तिची पाकळी पाकळीसारखी दिसली.

मग घरी दार लावून तिनं राणीच्या चित्रात ती भरली. कागद उभा धरून मागून टिचकी मारली. सुटा रंग खाली उघड्या पेटीत पडला, बसलेला रंग बसून राहिला. कोणती पाकळी जुनी आणि कोणती नवी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाहेरून ठकू दार वाजवत होती, म्हणून पडलेली भुकटी न झाडताच तिनं घाईनं चित्र पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

आता छातीवरचा दगड उतरेल असं तिला वाटलं होतं. तो उतरला नाही. उलट रोज थोडा जड होत गेला.

उत्सवाचा दिवस आला. पेटी पालखीत ठेवली, ढोल वाजले, मिरवणूक निघाली. पालखीचा पुढचा दांडा कोंडाजी भोयाच्या खांद्यावर होता. त्यानं त्या दिवसासाठी पांढरंशुभ्र उपरणं धुऊन घेतलं होतं. नदीच्या वळणावर चिखल होता, तिथं त्याचा पाय जरासा घसरला आणि पालखी कलली. त्यानं सावरलं आणि लोकही पुढे चालू लागले.

दरबारात राजा उभा होता. तरुण राजा, मनानं चांगला, पण त्याची एक गंमत होती. दर वर्षी दर्शनाच्या वेळी तो दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभा राहायचा आणि चित्राकडे न बघता आपल्या पायांकडे बघायचा. लोक म्हणायचे, किती हा भक्तिभाव. त्याच्या शेजारी म्हातारे प्रधानजी. त्यांना राज्याचे सगळे नियम पाठ होते. अमुक नियम का आहे असं कुणी विचारलं, तर त्यांना आपला अपमान झाल्यासारखं वाटे.

पालखी खाली ठेवली आणि प्रधानजींची नजर कोंडाजीच्या खांद्यावर गेली. पांढऱ्या उपरण्यावर निळी भुकटी पडली होती. पेटीच्या फटीतून झिरपलेली, खडूच्या रंगाची ताजी भुकटी.

ढोल थांबले. प्रधानजींनी विचारलं, नदीच्या वळणावर तुझा पाय घसरला ना? कोंडाजी हो म्हणाला. खोटं कशाला बोलेल, सगळ्या गावानं पाहिलं होतं. बिचाऱ्याला स्वतःलाही वाटलं की आपल्याच धक्क्यानं राणीचं फूल झडलं. गर्दीत त्याची बायको तान्हं मूल घेऊन उभी होती, तिनं ते मूल उगाचच घट्ट धरलं. शिपायांनी कोंडाजीचे दंड पकडले आणि प्रधानजी नियम म्हणू लागले.

हौसाला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. पेटी उघडली की चित्र धड दिसेल, पण भुकटी तर पडलेली आहे, आणि भुकटीचा दोष कोंडाजीवर गेलेला आहे. तिच्यावर कुणाचा संशय येणारच नव्हता. गप्प राहणं सोपं होतं. इतकं सोपं, की त्याचीच तिला भीती वाटली.

तिनं ठकूची मूठ हळूच उघडून पदर सोडवून घेतला. दुमडलेलं टोक बाहेर काढलं आणि ती पुढे झाली.

"महाराज, कोंडाजीला सोडा," ती म्हणाली. "तो रंग माझ्या हातचा आहे."

मग तिनं काहीही न राखता सगळं सांगितलं. बुरशी, पदर, नीळ, ठकूचा न रंगवलेला परकर, सड्यावरची रानभाजी. शेवटी पदराचं टोक पुढे धरलं. निळा डाग सगळ्यांनी पाहिला.

राजा पायांकडे बघत होता. प्रधानजींनी खाकरून नियम पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतला, या वेळी हौसाचं नाव घालून. ठकूला नियम कळला नाही, पण नदी कळली, आणि ती मोठ्यानं रडायला लागली.

इतक्यात काठीचा आवाज आला. धोंडूतात्या गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"प्रधानजी, जरा दम खा," तात्या म्हणाले. "हिनं एकच पाकळी काढली आहे. बाकीच्या दोन माझ्या आहेत."

तात्या खाली बघत म्हणाले की त्यांच्या राखणीत एका वर्षी दमटपणानं दोन पाकळ्या गेल्या, आणि त्यांनी सड्यावरच्या कपारीत बसून शिकून त्या पुन्हा काढल्या. तेव्हापासून भाद्रपद जवळ आला की त्यांना अन्न गोड लागत नसे. पहिल्यांदा नीट जेवले ते हौसाला किल्ली दिली त्या दिवशी.

हे ऐकून बायकांच्या बाजूनं गिरजाआजी उठल्या. त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून त्या जरा मोठ्यानंच बोलल्या. "पाकळ्यांचं चाललंय ना? मग देठ आणि पानं माझी. माझ्या वेळी छप्पर गळत होतं. आणि मधली लव माझ्या आधीच्या बाईंची. मरताना मला सांगून गेल्या. कागदही त्यांनीच बदलला होता, वाळवी लागली म्हणून."

आता राजानं मान वर केली. "आजी, मग राणीच्या हातचं यात उरलं काय?"

आजींनी बराच विचार केला. "पेटी असेल," त्या म्हणाल्या.

हसावं की नाही हे कुणाला कळेना. गर्दीत कुणीतरी नाकातून हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. पण राजा हसला नाही. तो सिंहासनाच्या पायऱ्या उतरला, तात्यांसमोर आला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचे पाठीमागचे हात पुढे आले.

"तात्या, त्या दोन पाकळ्या दमटपणानं गेल्या नव्हत्या," तो म्हणाला.

तात्यांनी हातातली काठी घट्ट धरली. राजा पुढे सांगू लागला.

"मी या ठकूएवढा होतो. तुम्ही पाला आणायला गेला होता. पेटी उघडी होती आणि मला ते फूल फार आवडलं, म्हणून मी त्याच्यावरून बोट फिरवलं. तुम्ही आलात, माझं बोट धुतलंत आणि म्हणालात, कुणाला सांगू नकोस. मी सांगितलं नाही. पण त्यानंतर जेव्हा जेव्हा पाऊस ओढ द्यायचा, गुरं दगावायची, तेव्हा मला वाटायचं की हे माझ्यामुळे. बाबा गेले तेव्हाही मला तसंच वाटलं."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, तुम्ही लहान होता, विसरला असाल."

"आणि मला वाटायचं, तुम्ही म्हातारे झालात, विसरला असाल."

बघा कसं असतं. दोन माणसं वर्षानुवर्षं एकाच दरबारात समोरासमोर उभी राहिली, दोघांच्या पोटात एकच गोष्ट, आणि दोघंही ती एकमेकांपासून लपवत होती. त्यातलं एकजण जरी बोललं असतं, तरी दोघांनाही जेवण गोड लागलं असतं.

राजा सज्ज्यात गेला. लोकही त्याच्या मागे गेले. खाली नदी वाहत होती. कौलांतून चुलींचा धूर निघत होता. कुणाचं तरी वासरू दावं तोडून भाजीच्या वाफ्यात शिरलं होतं. राणीच्या हातचा रंग जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या होत्या, आणि राज्य होतं तिथंच होतं.

"आहे की सगळं," राजा म्हणाला. आणि त्यानं इतका लांब श्वास सोडला, की आपण तो कधीपासून धरून ठेवला होता ते त्यालाच तेव्हा कळलं.

मग सगळ्यांनीच श्वास सोडला. शिपायांनी कोंडाजीचे दंड सोडले, आणि एकानं तर त्याचं चुरगळलेलं उपरणंही नीट करून दिलं. कोंडाजीची बायको रडत रडत हसत होती. हौसाच्या छातीवरचा दगड केव्हा उतरला ते तिला समजलंही नाही. ती एवढंच जाणत होती, की ठकू येऊन तिच्या कमरेला बिलगली आहे, आणि आता तिला कुणी सोडवणार नाही.

प्रधानजींनी तेवढ्यात हळूच विचारलं, "पण महाराज, नियमाचं काय करायचं?"

"नियमाप्रमाणे पहिला मी जायला हवा, मग तात्या, आजी आणि हौसा," राजा म्हणाला. "होडी बोलवा, प्रधानजी. वल्हवायला तेवढं कुणीतरी शिल्लक ठेवा."

प्रधानजींनी कपाळावरचा घाम पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाले की इतक्या वर्षांत आपण चित्र कधी पाहिलेलंच नाही. आपला श्वास लागून ते झडेल या भीतीनं दर वर्षी डोळे मिटून नमस्कार करत आलो. आता पाहिलं तर चालेल का? हौसानं पेटी उघडून दिली. प्रधानजी वाकून बराच वेळ बघत राहिले.

"लहान आहे की हो," ते शेवटी म्हणाले. "आणि किती गोड आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा, तात्या, आजी आणि हौसा सड्यावर गेले. आजींना डोलीतून न्यावं लागलं. हौसानं त्यांना कपार दाखवली. राणीची म्हणून जी फुलं तिनं मनाशी धरली होती, त्यांतलं एक वाकडं फूल बघून तात्या म्हणाले, हे माझं पहिलं. आजींनी एका लांबच लांब देठावर बोट ठेवलं आणि त्या खुदकन हसल्या. एकेका राखणदारानं एकट्यानं येऊन, चोरून, भिऊन काढलेली ती सगळी फुलं एका भिंतीवर शेजारी शेजारी बसली होती. म्हणूनच पेटीतलं चित्र इतकी वर्षं ताजं राहिलं होतं. ज्यानं ज्यानं ते दुरुस्त केलं, त्याला आधी खऱ्या फुलाकडे यावं लागलं होतं.

सगळ्यात खाली, कोपऱ्यात, एक फार जुनं फूल होतं. त्याची एक पाकळी पुसून पुन्हा काढलेली दिसत होती. ते कुणाचं, हे कुणालाच सांगता आलं नाही. आजी म्हणाल्या, हे मात्र राणीचं असेल. असेलही.

राजानं जुने नियम मोडीत काढले. भाद्रपदात नभाळी फुलली की सगळं राज्य खडू घेऊन सड्यावर जाऊ लागलं. दर वर्षी एका घरानं, सगळ्यांच्या देखत, समोरचं फूल बघून नवं चित्र काढायचं, आणि ते वर्षभर दरबारात लावायचं. मागच्या वर्षीचं चित्र कातळावर ठेवायचं, म्हणजे वारा त्याचा रंग हलकेच घेऊन जाई. पहिला मान कोंडाजीला मिळाला. त्याचं फूल वांग्यासारखं दिसत होतं. ते वर्षभर सिंहासनाच्या मागे लागलेलं होतं आणि त्या वर्षीही राज्य बुडालं नाही.

वैद्याकडे झोपेचं औषध मागायला मात्र कुणी येईना. तोही मग खडू घेऊन सड्यावर जाऊ लागला.

आणि हौसा? उत्सवाच्याच संध्याकाळी तिनं पदर नदीवर नेऊन सगळ्यांसमोर धुतला. उरलेल्या निळीत ठकूचा परकर बुडवला, कारण ते देणं राहिलं होतं. पदरावरचा डाग बराचसा गेला, थोडा राहिलाच. ठकूनं तेच निळसर टोक मुठीत धरलं आणि ती लगेच झोपली.

म्हणून लक्षात ठेवा: लपवलेली चूक एकट्यालाच वाहावी लागते, सांगितलेली चूक चार हात लागून दुरुस्त होते.